धुतलेल्या सायकलीवरून येऊरपर्यंत

"कुठे जाऊन आलात?" असं कुणी विचारलं आणि आम्ही "कल्याण, मानपाडा, दिवा, ठाणे" असं सांगितलं, की समोरचा माणूस जरा थांबतो. ही वाटेतली नावं झाली, आता खऱ्या मुक्कामाचं नाव येईल, असं त्याला वाटतं. ते येत नाही म्हटल्यावर तो विषय बदलतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे कर्वे दरवर्षी एखादा देश उरकून येतात. त्यांनी तर सरळच विचारलं, "अहो, पण हे तर आपलंच आहे. यात बघायचं काय?"

तर कर्व्यांसाठी, आणि जन्म डोंबिवलीत काढूनही ज्यांनी मानपाड्यापलीकडचं जग रिक्षाच्या पडद्याआडूनच पाहिलं आहे अशा सगळ्यांसाठी, हे लिहितो आहे. आम्ही ते सायकलवरून पाहिलं, सावकाश पाहिलं, आणि मुख्य म्हणजे भांडत पाहिलं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको वैशाली. मी एका रसायनांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होतो. बाटली धुतली नाही तर आतल्या मालाचा भरवसा नाही, हे आयुष्यभर इतरांना सांगत आलो. ती विमा कार्यालयात होती आणि यंदाच निवृत्त झाली. सायकल ती पंचावन्न उलटल्यावर शिकली, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वॉचमनच्या देखरेखीखाली. माझी सायकल दर रविवारी मऊ फडक्याने पुसली जाते. तिची सायकल आणली त्या दिवशी स्वच्छ होती.

"तुझ्या सायकलवर मेथी पेरली तर उगवेल," मी म्हणायचो.

"उगवू दे. भाजी तरी होईल," ती म्हणायची.

माझं मत असं, की सायकल स्वच्छ असली की ती वेगाने जाते. यात शास्त्र आहे. मळ म्हणजे वजन, मळ म्हणजे घर्षण. तिचं म्हणणं असं, की धुतल्याने वेग येत असता तर आमचं वॉशिंग मशीन एव्हाना नाशिकला पोचलं असतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये येऊर होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठाण्यात उपवन तलावाच्या मागे जंगलाचा डोंगर आहे आणि त्यावर येऊर गाव. वर जाणारा रस्ता फार लांब नाही, पण चढ चिवट आहे. सायकलवाल्यांत त्याचा हिशेब एकाच गोष्टीवर होतो, वाटेत पाय टेकला की नाही. वैशालीचा पाय दर वेळी टेकला होता. कधी पहिल्या वळणावर, कधी अगदी वरच्या टप्प्यात, पण टेकला होता.

यंदा दसऱ्याच्या सुमाराला आम्ही हा फेरा आखला तेव्हा ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "या वेळी येऊरला पाय टेकला ना, तर सायकल गौरीला देऊन टाकीन." गौरी म्हणजे तिची पुण्याची भाची. मी हसलो, पण मनात चरकलो. एवढ्या वर्षांच्या संसारात एक कळलं आहे, ती चिडून बोलते ते विरून जातं. पोळ्या लाटताना बोलते ते ठरलेलं असतं. आणि मला माझी सोबत जायला नको होती. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून करायचं असं आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं, ती टीव्ही बघत नाही आणि मला भजन येत नाही.

दुर्गाडी आणि दाल-पकवान

खंडेनवमीच्या सकाळी निघालो. ठाकुर्लीवरून पत्री पूल, तिथून कल्याण. मी पुढे, ती मागे. हा आमचा नेहमीचा क्रम. रस्ता दाखवायला कुणीतरी पुढे हवं, असं मी म्हणतो. तिच्या चेनचा एक करकरता आवाज आहे, कुंईकर्र, कुंईकर्र असा. तो ऐकत मी चालवतो. आवाज लांबला की वेग कमी करतो, फार लांबला की थांबतो, मागे वळतो आणि विचारतो, "थांबायचं का?" ती येते, पाय टेकते, पाणी पिते. मग पुन्हा निघतो.

दुर्गाडीला नवरात्रातली जत्रा शेवटच्या दिवसाच्या उत्साहात होती. किल्ल्याच्या पायऱ्यांवर रांग, खाली झेंडूचे ढीग, पाळणे, कानातल्यांची दुकानं. देवीचं दर्शन लांबूनच घेतलं आणि वरून खाडीकडे पाहत बसलो. कल्याणच्या खाडीला वास आहे हे खरं, पण सकाळच्या उन्हात ती वळण घेऊन जाते ते बघण्यासारखं आहे. आमच्या शेजारी बसलेल्या एका आजींनी हेल्मेट घातलेल्या वैशालीकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "मेट्रोच्या कामावर आहेस का गं?" वैशालीने मान डोलावली. म्हणाली, हो म्हटलं की बरं पडतं, मान मिळतो.

तिथून विठ्ठलवाडी. स्टेशनच्या अलीकडे सिंधी मंडळींची खाण्याची दुकानं आहेत आणि सकाळी दाल-पकवान मिळतं. पापडापेक्षा जाड, पुरीपेक्षा कडक असं पकवान, त्यावर हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी, बारीक कांदा. आपल्याकडे सणाच्या सकाळी एवढं तळकट खाऊन कुणी निघणार नाही. दुकानदाराने आमच्या सायकली पाहिल्या आणि काळजीने विचारलं, "डोंबिवली से सायकल पे? ट्रेन बंद है क्या?"

"चालू आहे," मी म्हटलं.

"फिर?"

 वैशालीने आणखी एक प्लेट मागवली.

पुढे नेवाळीकडे वळलो तसा डाव्या अंगाला मलंगगड उभा राहिला. घराच्या गच्चीतून तो निळा, पुसट दिसतो. इथून त्याचे सुळके स्पष्ट दिसतात आणि खाली भाताची पिवळी पडू लागलेली शेतं. त्या शेतांत मध्येच एखादा वीस मजली टॉवर. ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं आणि खोणीपासून पुढे रस्त्याच्या कामांची धूळ सुरू झाली. काटईला पोचेपर्यंत आम्ही दोघं आणि दोन्ही सायकली एकाच रंगाचे झालो होतो. मला ते सहन होईना. मी दोनदा थांबून माझं हँडल पुसलं. वैशालीने ते पाहिलं आणि चिक्की खाल्ली.

मानपाड्यातला मुक्काम

मानपाड्यात माझा कॉलेजातला मित्र पांडुरंग राहतो. त्याच्या आज्याची भातशेती होती, वडील तरुणपणी मिठागरावर जात. आता त्या शेतांवर इमारती आहेत आणि पांडुरंगाकडे डंपर, पाण्याचे टँकर, एक जेसीबी आणि भलंमोठं अंगण आहे. "नवमीला ये," असं त्याने बजावून सांगितलं होतं. का, ते फाटकातून आत शिरल्यावर कळलं. अंगणात सगळी वाहनं ओळीने उभी होती आणि मोठ्या पंपाच्या पाइपने त्यांची आंघोळ चालली होती.

"आयलास का रं शऱ्या? वयनी, या, बसा," म्हणत त्याने आमच्या सायकली पाहिल्या. वैशालीच्या सायकलजवळ तो जरा वाकला. "यो काय, सायकल हाय का बांध?"

मला माझ्या मताचा माणूस भेटल्याचा आनंद झाला. "तेच मी सांगतोय दोन वर्षं!"

"मग धुऊ ना. नवमी हाय. आज गारी मळकी ठेवाची नाय."

वैशालीने विरोध केला नाही. घरच्या माणसांच्या पूजेत मोडता घालणारी ती नाही. जेसीबी धुतलेल्या त्याच पाइपची धार सायकलींवर धरली गेली. भांडी घासायच्या साबणाचा फेस झाला. चेन, चाकं, चाकांच्या मधले भाग, सगळीकडे धार गेली. मी स्वतः उभा राहून "अजून जरा इथे, अजून जरा तिथे" असं सांगत होतो. धूळ गेली, चिखल गेला, जुनं काळं तेलही सगळं गेलं. तिच्या सायकलचा मूळ रंग निळा होता हे मलाही आठवत नव्हतं. तिच्या जोडीला उन्हात माझीही चकचकत होती. मी धन्य झालो.

मग पूजा. हळद-कुंकू, अक्षता, हँडलला झेंडूची माळ, पुढे नारळ. पांडुरंगाची आई, सगळे तिला आय म्हणतात, काठी टेकत आली. तिने जेसीबीला जितक्या अक्षता वाहिल्या तितक्याच आमच्या सायकलींना वाहिल्या. चेनवर जरा जास्तच, कारण तिच्या मते चालतं ते अंग मानाचं.

जेवण तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि खीर. "मटन उद्या," पांडुरंगाने आधीच माफी मागून ठेवली. हात धुऊन आम्ही निघायला म्हणून सायकलींकडे वळलो तर आयने काठी आडवी केली.

"कुठं चाल्लीस पोरी?"

"घरी. उद्या सकाळी पुढे दिव्याला जायचंय," वैशाली म्हणाली.

"पुजलेली गारी आज हलवाची नाय. आज ती बसनार. उद्या सोनं वाटाचं नि मंगच चाक फिरवाचं."

आमच्याकडेही खंडेनवमी होते. कात्रीला, कॉम्प्युटरला आणि मिक्सरला कुंकवाचं बोट लावतो आणि मग त्याच मिक्सरवर चटणी वाटतो. इथे मात्र लाखो रुपयांचे डंपर खरोखरच उभे होते आणि चालक मंडळी ओटीवर पत्ते खेळत होती. मी सुचवलं, सायकली इथेच ठेवून आम्ही रिक्षाने घरी जातो, पाचदहा मिनिटांचा तर प्रश्न.

आयने माझ्याकडे दयेने पाहिलं. "आनि गारी इथं एकटी ठेवशील? सनाला?"

 आम्ही राहिलो. गच्चीवर गाद्या घातल्या तिथून आमच्या सोसायटीच्या टाकीवरचा दिवा दिसत होता. गोव्याला, केरळला मुक्काम केले, पण घराचा दिवा बघत परक्या गच्चीवर झोपण्यातली मजा कुठे आली नाही. वैशाली बराच वेळ हसत होती.

दसऱ्याच्या सकाळी मात्र हसू मावळलं. आपट्याची पानं वाटून झाली, आयच्या पाया पडलो, माळा काढल्या आणि पेडल मारलं. माझ्या सायकलने असा आवाज काढला की ओसरीवरचं मांजर पळालं. वाकून पाहिलं तर रात्रीत दोन्ही चेन नारिंगी पडल्या होत्या. तेलाचा थेंब उरला नव्हता, गंज मात्र चढला होता, आणि कड्याकड्यांत अक्षता रुतून बसल्या होत्या. चाकांच्या आत पाणी शिरलं होतं, ती फिरताना वाळू दळल्यासारखी वाटत होती. वैशालीची तर जागची हलायला कुरकुरत होती.

"काल तं एकदम चकचकत होती," पांडुरंग खजील होऊन म्हणाला.

"अजूनही चकचकतेय," मी म्हटलं. ते खरंच होतं.

 वैशालीने फक्त येऊरच्या दिशेला एकदा पाहिलं आणि पेडलवर जोर दिला. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

दिव्यात पाणी मागणारा

शीळ रस्त्याने जाताना कालच्या निम्म्या वेगानेही पुढे सरकत नव्हतो. तिचा दम मला मागून ऐकू येत होता आणि चेनचं केकाटणंही. मी सारखा थांबत होतो, विचारत होतो, ती थांबत होती. शीळहून दिव्याचा फाटा घेतला तेव्हा ती म्हणाली, "ही सायकल येऊर चढणार नाही. मी चढेन एकवेळ, ही नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, तिने मनातल्या मनात आवराआवर सुरू केली होती. मला फार अपराधी वाटलं, कारण पाइप धरायला मीच सांगितलं होतं.

दिव्यात वैशालीची ऑफिसातली मैत्रीण सुरेखा राहते. दिव्याच्या इमारती एकमेकींना खेटून वाढल्या आहेत, गल्लीत दोन सायकली शेजारी चालवता येत नाहीत, पण दसऱ्याची तोरणं प्रत्येक दाराला होती आणि प्रत्येक घरातून श्रीखंडाच्या वेलचीचा वास येत होता. सुरेखाच्या गॅलरीत निळे पिंप ओळीने भरून ठेवलेले, वर झाकणं, झाकणांवर विटा.

मी आल्या आल्या म्हणालो, "वहिनी, एक बादली पाणी मिळेल का? सायकली जरा खंगाळून घेतो. अक्षता अडकल्यात."

 सुरेखाने वैशालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊजी, प्यायला हवं तेवढं देते. आंघोळीलाही देईन, तुम्ही पाहुणे. पण टँकर परवा आला होता आणि पुढचा कधी येईल ते माहीत नाही. सायकलला आंघोळ?"

मी खाली बसलो. सरबत आलं, मी ते निमूटपणे प्यायलो.

कोपऱ्यात सुरेखाचं शिलाई मशीन होतं, त्यावर हळद-कुंकवाची बोटं उमटलेली. वैशाली त्याच्याकडे बघत होती. पूर्वी तिच्याकडेही मशीन होतं, मुलीचे सगळे फ्रॉक तिने घरी शिवले. एकदम ती म्हणाली, "सुरेखा, आपण मशीन कधी धुतो का गं?"

"वेडी का तू? पुसतो."

"मग तेल काढ. आणि जुना परकर असेल तर दे."

दोघींनी जिन्याच्या चौकात वर्तमानपत्र पसरलं, सायकल उलटी केली आणि बसल्या. जुन्या टूथब्रशने एकेका कडीतून तांदळाचा चुरा काढला. परकराच्या चिंध्यांनी गंज घासला. मग मशीनचं तेल थेंब थेंब सोडायचं, पेडल फिरवायचं, पुसून काढायचं, पुन्हा थेंब. चाकांच्या मधल्या भागांतही तेल सोडलं आणि ती फिरवत राहिल्या. ऑफिसातल्या जुन्या साहेबाच्या नकला चालल्या होत्या, हसणं जिन्यातून वरपर्यंत जात होतं. येणारेजाणारे शेजारी अंग चोरून पलीकडे जात आणि "नवी घेतली का?" असं विचारत.

बाकीच्या सायकलवर शीळ रस्त्याची धूळ पुन्हा बसली होती. मी फडकं घेऊन पुढे झालो.

"तिकडे राहू दे," वैशाली म्हणाली. "ती धूळ कुठे फिरते?"

माझ्या चेनचंही करून देते म्हणाली. मी नको म्हटलं. मला वाटलं, माझ्याजवळ चांगलं तेल आहे, ठाण्याला गेल्यावर शास्त्रोक्त करू. खरं म्हणजे फुरंगटलो होतो. श्रीखंड-पुरी खाल्ली तेव्हा थोडा निवळलो.

बायपासवर सोनं लुटलं

दिव्याहून निघाल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की मागे कुणी नाही. वळून पाहिलं तर वैशाली होती, अगदी मागच्या चाकाला लागून. पुन्हा पुढे पाहिलं आणि पुन्हा वाटलं, कुणी नाही. तिच्या चेनचा आवाज बंद झाला होता. माझी तेवढी रडत होती.

मुंब्र्याच्या बायपासवर एका बाजूला कातळाचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली पसरलेलं गाव आणि खाडी आहे. दसऱ्यामुळे ट्रक थोडे होते आणि जे होते ते माळा घालून नटलेले. दृश्य छान होतं, पण मी अर्धा वेळ मागेच बघत होतो. ती आहे ना? आहे. आता? आहे. कळव्यात उतरलो आणि असाच मागे बघत असताना रस्त्याकडेच्या एका बाईंच्या टोपलीत पुढचं चाक घातलं. आपट्याची पानं रस्ताभर उडाली.

"अवो काका!" बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सोनं लुटायचं असतं ते शिवेबाहेर, माझ्या टोपलीत नाही!"

आजूबाजूचे हसले. मी पानं वेचू लागलो. वैशालीने बाईंकडून तीन जुड्या विकत घेतल्या आणि मग मला विचारलं, "मागे काय बघत होतात एवढं?"

"तुला."

"मी होते की."

"ते दिसत होतं. ऐकू येत नव्हतं."

तिला यातलं फारसं काही कळलं नसावं, कारण ती पानं पिशवीत भरण्यात गुंतली होती.

रात्री ठाण्यात, पाचपाखाडीला माझ्या आतेबहिणीकडे राहिलो. संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारली. ठाणेकर तळ्याभोवती फिरताना असे फिरतात की जणू ते त्यांच्या परसात आहे. डोंबिवलीत आपण फिरायला जातो तेव्हा काहीतरी आणायला निघालोय असाच चेहरा असतो. शास्त्रोक्त तेलाची बाटली मी घरीच विसरलो होतो हे झोपताना आठवलं.

येऊर

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता उपवनला पोचलो. तलावावर धुकं होतं. पळणारे, चालणारे, श्वानांना घेऊन आलेले लोक, सगळं ठाणं तिथे जमलं होतं. वनखात्याच्या चौकीपाशी वैशालीने हेल्मेटचा पट्टा आवळला आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे."

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. परीक्षेच्या दारात उभ्या असलेल्या मुलीचा असतो तसा होता. मला म्हणावंसं वाटलं, अगं, पाय टेकला तर टेकला, सायकल कुणाला द्यायची नाही. पण ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती. मी पुढे झालो.

पहिल्याच वळणानंतर झाडी दाट होते आणि शहर मागे राहतं. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते, कडेच्या ओहोळांत अजून पाणी होतं. कठड्यावर माकडांची रांग बसली होती, त्यांनी माझ्या चेनचा आवाज ऐकून एकदम माना वळवल्या. चढ वाढला. मी खालचा गिअर टाकला. छाती धपापू लागली, मांड्या पेटल्या. आणि मागे काही नाही. कुंईकर्र नाही, दम नाही, काही नाही.

ती थांबली असणार. पहिल्याच वळणावर पाय टेकला असणार आणि आता एकटी उभी असेल. मागे बघायला हवं होतं, पण या चढावर मान वळवली तर सायकल नाल्यात जाते. मी आणखी एक वळण काढलं. मग राहवेना. तिच्याविना वर पोचून मी काय करणार होतो? मी ब्रेक दाबला आणि पाय टेकला.

वळून "थांबायचं" एवढंच तोंडातून निघालं असेल, तेवढ्यात ती माझ्या शेजारून गेली.

अगदी जवळून गेली. तोंड लाल, नजर समोरच्या डांबरावर, ओठ घट्ट. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सायकल धुळीने माखलेली, आणि चेन इतकी गप्प की फक्त टायरखाली वाळकी पानं चुरडल्याचा आवाज आला. मग ती वळणाआड गेली.

मी सायकलवर चढायला गेलो तर त्या चढावर पुन्हा गती घेता येईना. एकदा घसरलो, एकदा आडवा झालो. शेवटी सायकल हातात धरून चालू लागलो. मला अभिमान वाटत होता, आणि मी मागे राहिलो याचं थोडं वाईटही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, आणि मी चालत होतो.

वर चहाच्या टपरीपाशी ती सायकलला टेकून उभी होती. डोळे वाहत होते, ते घामाने की कशाने मी विचारलं नाही. रंगीबेरंगी कपड्यांतले काही तरुण सायकलस्वार तिच्याभोवती चहा पीत होते. मला सायकल ढकलत येताना पाहून त्यातल्या एकाने विचारलं, "काका, पंक्चर झालं काय?"

मी हो म्हणणार होतो. जीभ तयारही झाली होती.

"पंक्चर नाही," वैशाली म्हणाली. "ते माझ्यासाठी थांबले होते."

आम्ही बाकड्यावर बसलो. तिचा श्वास जागेवर आला. मग म्हणाली, "खरं सांगू का? दर वेळी मी चढत असायचे. दम लागायचा, पण पाय चालत असायचे. मग तुम्ही वळून विचारायचात, थांबायचं का. मला वाटायचं, यांना बाहेरून दिसतंय म्हणजे माझे फारच हाल दिसत असणार. की पाय खाली."

"अगं, मी काळजीने विचारायचो."

"माहीत आहे हो. म्हणून तर बोलले नाही कधी." तिने पाण्याचा घोट घेतला. "पण आज का नाही विचारलंत?"

"तुझा आवाजच आला नाही. तुझी चेन रडायची त्यावरून मला कळायचं, की तू दमलीस."

ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "म्हणजे चेन स्वच्छ झाली म्हणून मी चढले म्हणा."

"मी वेगळं काय सांगत होतो दोन वर्षं?" मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहावाल्याकडे वळलो. त्याला दोन चहा सांगितले. तोवर ती उठून उभी राहिली होती आणि गावाकडे, पाड्यांच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याकडे बघत होती. तो भाग आम्ही कधी पाहिला नव्हता, कारण आजवर वर येईपर्यंत दोघंही दमलेले असायचो.

"हा रस्ता पुढे कुठे जातो?"

"माहीत नाही."

"चहा होईपर्यंत बघून येते," ती म्हणाली आणि सायकलवर बसली.

उन्हाचे तुकडे पडलेल्या त्या रस्त्यावरून ती लांब लांब जात होती. एका झोपडीपाशी कोंबड्या बाजूला झाल्या, मग ती उतारावरून खाली गेली आणि आधी चाकं, मग पाठ, मग हेल्मेट दिसेनासं झालं. हाक मारण्याइतकी ती जवळ होती. मी मारली नाही. चहावाल्याने दोन पेले समोर आणून ठेवले, आणि मी त्याला तिच्या पेल्यावर बशी झाकायला सांगितली.